लग्न नोंदवता येत नाही, मग कागदावर काय काय करता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दोघी, वयं 34 आणि 37. पुण्यात 9 वर्षं एकत्र राहतो. फ्लॅट मोठीच्या नावावर आहे, हप्ता दोघी निम्मा निम्मा भरतो. मोठीचे वडील नाहीत, आई बोलते, भाऊ बोलत नाही. समलिंगी विवाहाबद्दलच्या 2023 च्या निकालानंतर आमच्या हातात नेमकं काय उरलं? एक एजंट 25 हजारांत 'विवाह करार' नोटरी करून देतो म्हणतो, तो करावा का? आणि हा खरोखर हक्काचा प्रश्न आहे, की नुसता कागदपत्रांचा?"

आधी एजंटाचं उरकते. त्याला पैसे देऊ नका. समोरच्या माणसाने माझ्यादेखत सही केली, एवढंच नोटरी सांगतो. आतला मजकूर कायद्यात बसतो की नाही, हे तो बघत नाही. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर 'आम्ही विवाहित जोडप्याप्रमाणे' वगैरे लिहून लाल शिक्का मारला की कागद भारदस्त दिसतो, पण बँकेतला कारकूनसुद्धा तो न वाचता परत सरकवतो. त्याहून वाईट म्हणजे असा कागद हातात आला की माणसाला वाटतं, झालं आपलं काम. मग मृत्युपत्र राहून जातं. माझ्याकडे आलेल्या एका अशिलाकडे करार होता, लॅमिनेट केलेला. मृत्युपत्र नव्हतं, आणि जोडीदार गेल्याला तीन आठवडे झाले होते.

मी 22 वर्षं कौटुंबिक आणि वारसाहक्काची कामं करते. त्या अनुभवावरून सांगते आहे. तुमच्या फाइलकडे बघून पुढे काही बदलू शकेल, हे धरून वाचा.

आता निकाल. 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणाची सुनावणी 18 एप्रिल 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुरू झाली, 10 दिवस चालली आणि 17 ऑक्टोबरला निकाल लागला. दोन गोष्टींवर पाचही जण एकमताचे होते. एक, लग्न करण्याचा बिनशर्त मूलभूत हक्क राज्यघटना कोणालाच देत नाही; तुम्हाला नाही आणि शेजारच्या नवरा-बायकोलाही नाही. दोन, 1954 च्या विशेष विवाह कायद्यातले शब्द बदलून त्यात समलिंगी विवाह बसवणं हे न्यायालयाचं काम नाही. मतभेद झाला तो पुढच्या टप्प्यावर. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की लग्न नाही तरी सहजीवनाला मान्यता मिळण्याचा हक्क आहे, आणि अशा जोडप्याला मूल दत्तक घेता आलं पाहिजे. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी दोन्ही नाकारलं. तीन विरुद्ध दोन. फेरविचार याचिका 9 जानेवारी 2025 ला फेटाळल्या गेल्या. त्यामुळे आज या प्रश्नाचं दार संसदेकडे आहे.

या निकालाचा एक चुकीचा अर्थ इतका पसरला आहे की दर महिन्याला एकदा तरी तो खोडून काढावा लागतो. लोक विचारतात, "मॅडम, आता एकत्र राहणं बेकायदा झालं का?" नाही. 6 सप्टेंबर 2018 ला नवतेज सिंह जोहर प्रकरणात सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम 377 मधला भाग रद्द झाला, तो रद्दच आहे. हॉल घ्या, हार घाला, पंगत उठवा, कोणताही गुन्हा होत नाही. शासन त्याची नोंद घेणार नाही, इतकंच. हे 'इतकंच' वाटतं तेवढं लहान नाही.

विशेष विवाह कायद्याचं कलम 4 उघडलंत तर ते 'कोणत्याही दोन व्यक्तींमधला विवाह' अशा शब्दांनी सुरू होतं. काही ओळी खाली येतं: पुरुषाचं वय 21 पूर्ण, स्त्रीचं 18 पूर्ण. याचिकाकर्त्यांनी वरची ओळ धरली, न्यायालयाने खालची. आणि नुसत्या वयाचा प्रश्न नव्हता. त्याच कायद्यात घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीला दिलेली आहेत, वारसाहक्काचा धागा दुसऱ्याच कायद्यांत गुंतलेला आहे. एक शब्द बदलला की दहा ठिकाणी टाके उसवतात. मसुदे लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे मला ही अडचण कळते. पण दुरुस्ती किचकट आहे म्हणून हक्कच नाही, हे काही मला पटलेलं नाही. किचकट तर 1872 चा विशेष विवाह कायदाही होता. त्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, अमुक कोणत्याच धर्माचे नाही, असं दोघांनी लिहून द्यावं लागे. धर्म न सोडता कोणत्याही परधर्मात लग्न करता येईल, असा सोपा रस्ता व्हायला 1954 उजाडलं.

आपल्याकडे तर लग्नं आधी झाली आणि कायदा मागून धापा टाकत आला, असाच इतिहास आहे. 1873 पासून सत्यशोधक समाजाने पुरोहित न बोलावता लग्नं लावली, तेव्हा दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून भटजींनी दावे लावले होते. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, तेव्हा इंग्रजी मुलखात तो नीटसा नव्हता. तामिळनाडूत पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहांना 1967 मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. तोवर लावलेली हजारो लग्नं कायद्याच्या लेखी अधांतरी होती. ती सगळी स्त्री-पुरुषांची लग्नं होती, हा फरक आहेच. पण कोणाचं नातं कायद्याला 'दिसतं', हा प्रश्न तोच आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. करार दोन माणसांना एकमेकांशी बांधतो. लग्न त्या दोघांशिवाय बाकी सगळ्यांना बांधतं: दवाखाना, सोसायटी, भाऊ, आयकर खातं, पेन्शन ऑफिस. लग्नाचा दाखला दाखवला की समोरच्याला 'मला पटत नाही' म्हणायची सोय उरत नाही. तुम्ही दोघींनी एकमेकींना कितीही लिहून दिलंत, तरी तिसऱ्यावर ते बंधनकारक होत नाही. म्हणून मी याला हक्काचा प्रश्न म्हणते. तुमच्या प्रेमाला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही. खिडकीपलीकडच्या माणसावर ते बंधन घालण्याची ताकद एकाच कागदात आहे, आणि तो कागद तुम्हाला मिळत नाही.

एक प्रसंग सांगते, गाव आणि दवाखाना गाळून. माझ्या अशील दोघीजणी. एकीला रात्री अडीच वाजता पोटात असह्य कळा आल्या, दुसरीने रिक्षात घालून नेलं. फॉर्मवर रकाना होता, 'रुग्णाशी नातं'. तिने लिहिलं, 'मैत्रीण'. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "घरचं कोणी नाही का?" ही म्हणाली, "मीच घरची." तो फॉर्म तिथेच टेबलावर राहिला. शेवटी सहा वर्षं तोंड न बघितलेल्या भावाला फोन लागला, स्पीकरवर टाकला, भाऊ म्हणाला, "करा काय करायचं ते." तो आवाज चालला. आणून पोचवणारीची सही चालली नाही. गंमत म्हणजे रुग्ण शुद्धीवर होती आणि सज्ञान होती. अशा वेळी कायद्याने तिची स्वतःची संमती पुरे असते, नातेवाइकाची सही ही दवाखान्यांची रीत आहे. हे त्या रात्री तिथे कोणालाच माहीत नव्हतं. हे पाठ करून ठेवा, आणि शक्य असेल तोवर सही स्वतः करा.

शुद्ध हरपली तर काय? बरेच जण वैद्यकीय कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात. ते करू नका असं मी म्हणत नाही. काउंटरवर त्याचा उपयोग होतो. पण आपल्या करार कायद्यात देणाऱ्याची बुद्धी काम करेनाशी झाली की मुखत्यारी संपते. छत्री नेमकी पावसातच मिटते म्हणा ना. म्हणून त्यासोबत दोन कागद हवेत. पहिला, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 14 खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणं. साध्या कागदावर, सहीनिशी. नात्याची अट नाही, स्टॅम्प नाही, नोटरी नाही. तो मानसिक आजाराच्या उपचारापुरता आहे, पण इतका सोपा आणि इतका पक्का कागद तुमच्यासाठी दुसरा नाही. हे उत्तर वाचून झाल्यावर आजच करून टाका. दुसरा, आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात तुमच्या वतीने कोण बोलणार त्या व्यक्तीचं नाव घालता येतं. हा निर्देश मरणासन्न अवस्थेतले उपचार थांबवण्यासंबंधी आहे, अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता फ्लॅट. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ मला हीच वाटली. तुम्ही दोघी हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरते. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वकमाईची मालमत्ता आधी आई-वडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत भावाकडे. 9 वर्षं निम्मा हप्ता भरणारीचं नाव त्या यादीत शेवटीसुद्धा नाही. शिवाय दुसऱ्याच्या नावावरच्या घरात आपला पैसा जात असेल तर बेनामी व्यवहार कायद्याचा प्रश्न निघू शकतो. नवऱ्याने ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावे घर घेतलं तर तिथे स्पष्ट सूट आहे. तुम्हाला नाही. घाबरून जाऊ नका, पण धाकटीच्या खात्यातून जाणारी रक्कम कशापोटी जाते ते कागदावर आणा: भाडं म्हणा, कर्ज म्हणा, किंवा सरळ तिला सहमालक करा.

सहमालक करायचं तर कसं? नवरा-बायको असता तर राहत्या घराचं बक्षीसपत्र महाराष्ट्रात 200 रुपयांच्या मूळ मुद्रांक शुल्कात झालं असतं. तुमच्यासाठी ते खरेदीखतासारखंच धरतात, आणि पुण्यात अधिभार धरून ते 6-7 टक्क्यांच्या घरात जातं. निम्मा हिस्सा 30 लाखांचा धरून हिशोब करून बघा: 200 रुपयांचं मूळ शुल्क एकीकडे, दोन लाखांच्या आसपास दुसरीकडे. वर आयकर. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षाला 50 हजारांच्या वर भेट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. नवरा-बायकोला यातून सूट आहे. या भेदभावाला 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. म्हणून तुमच्यासारख्यांना मी बक्षीसपत्राऐवजी निम्म्या हिश्श्याची रीतसर विक्री सुचवते. आजवर भरलेले पैसे किमतीत वळते करता येतात, विकणारीला भांडवली नफ्याचा कर तपासावा लागतो, आणि कर्ज चालू असल्यामुळे बँकेची संमती लागते. वेळखाऊ आहे. पण एकदा सहमालक झाली की निम्मं घर तिचं, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. (गावाकडे सातबाऱ्यावर कोणाचं नाव असेल तर ते आत्ता बाजूला ठेवा, शेतजमिनीचे नियम वेगळे आहेत.)

उरलेल्या निम्म्यासाठी मृत्युपत्र, दोघींनी, वेगवेगळं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, तरी मी नोंदणी करायला लावते, कारण पुढे भाऊ म्हणणार, सही खोटी आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, अर्ध्या दिवसाचं काम. मागच्या वर्षी तिथल्या ऑपरेटरने माझ्या अशिलाला विचारलं, "लाभार्थी कोण लागते तुमची?" ती गप्प झाली. मी म्हटलं, "नातं नाही लिहिलं तरी चालतं, पूर्ण नाव आणि आधार लिहा." त्याने खांदे उडवले आणि टाइप केलं. मृत्युपत्राला नातं लागत नाही. स्वकमाईचं कोणालाही देता येतं. आईलाही काही ठेवा आणि भावाला काही देत नसाल तर का नाही, ते एका वाक्यात, शिवीगाळ न करता लिहा. वारसांचा उल्लेखच नसलेलं मृत्युपत्र कोर्टात जास्त संशयाने बघितलं जातं.

नॉमिनी केलं की झालं, ही दुसरी लाडकी समजूत. बँक, सोसायटी, डीमॅट, सगळीकडे नॉमिनी हा पैसे किंवा मालमत्ता हातात घेणारा माणूस. मालक वारस किंवा मृत्युपत्रातला लाभार्थी. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं. सहकारी संस्थांच्या कायद्यातही नॉमिनी आधी तात्पुरता सदस्य होतो. आयुर्विम्यात 2015 पासून आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं हे नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, पण जोडीदारीण त्या यादीत नाही. भविष्य निर्वाह निधीत तर आई तुमच्यावर अवलंबून असेल तर ती 'कुटुंब' ठरते आणि मग बाहेरच्या व्यक्तीचं नॉमिनेशन चालतच नाही. म्हणून जिथे चालतं तिथे नॉमिनेशन आणि मृत्युपत्र, दोन्हींत एकच नाव हवं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये वित्त मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. खरं तर तशी आडकाठी आधीही नव्हती. पण कारकुनासमोर ठेवायला कागद लागतो, म्हणून त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. जोडीदारांना रेशनकार्डावर एकाच घरातले धरावं, असंही पत्र राज्यांना गेलं. आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येईल. हे वाक्य पुन्हा वाचा. जवळचे नातेवाईक नसतील तर.

आणि काही गोष्टी कोणत्याच कागदाने होत नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतन नाही. एकीला मूत्रपिंड लागलं आणि दुसरीचं जुळलं तरी अवयव प्रत्यारोपण कायद्यात ती 'जवळची नातेवाईक' नाही. प्राधिकार समितीपुढे जाऊन आपुलकीपोटी देते आहे, पैशासाठी नाही, हे सिद्ध करावं लागेल. मूल हवं असेल तर एकटी स्त्री दत्तक घेऊ शकते, आणि वंध्यत्व उपचारांच्या 2021 च्या कायद्याखाली 21 ते 50 वयाच्या एकट्या स्त्रीला आयव्हीएफही करता येतं. अविवाहितेला सरोगसी मात्र नाही. पण कायद्याने आई एकच. दुसरी शाळेच्या गेटवर 'मावशी'. मृत्युपत्रात तिला पालक नेमता येतं, पण वाद झाला तर मुलाचं हित बघून कोर्ट ठरवेल.

ज्याबद्दल कोणी विचारत नाही, तेही सांगायला हवं. लग्न मोडतानाही लागतं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. जोडीदाराच्या आजारी आईची सेवा करायला त्यांनी नोकरी सोडली, 11 वर्षं केली, आई गेल्यावर वर्षभरात नातं तुटलं. बायको असते तर पोटगी मागितली असती. त्यांना मागायला कायद्यात खिडकीच नव्हती. शेवटी मध्यस्थीने थोडे पैसे मिळाले, तेही समोरचा भला होता म्हणून. त्यामुळे तुम्हाला नोटरीचा करार करायचाच असेल तर 'विवाह करार' नको, सहजीवन करार करा. त्यात पैसा लिहा: हप्ता कोणाचा किती, वेगळं झालो तर घर कोण ठेवणार, दुसरीला किती दिवसांत किती द्यायचे. हे कोर्टात टिकू शकतं, कारण हा दोघींमधलाच व्यवहार आहे. मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं की कुटुंब उभं करायचा लग्न हा एकमेव मार्ग नाही. महाराष्ट्रातल्या कोर्टावर ते बंधनकारक नाही, पण मी माझ्या अर्जांत ते आवर्जून जोडते.

क्रम सांगते. आज तो नामनिर्देशित प्रतिनिधीचा साधा कागद. या आठवड्यात संयुक्त खातं आणि नॉमिनेशन. या महिन्यात दोघींची मृत्युपत्रं, कारण मृत्यू बँकेच्या संमतीसाठी थांबत नाही. घराचा हिस्सा त्यानंतर. येताना इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जाचं स्टेटमेंट आणि धाकटीच्या खात्याचा 9 वर्षांचा उतारा आणा. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि पुण्यातच राहणारे बघा, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. तीस वर्षांनी कोर्टात उभं राहायला ते हयात असलेले बरे.